एनडीपीएसच्या (ड्रग्ज कायद्याच्या) केसला घेतलेली वकीलसेवा : पाचपैकी चार स्टार, एक जिन्यापायी कापला

आधीच सांगतो, नाव विचारू नका. म्याडमनीच बजावलंय, "मामा, पाहिजे तर पेढे वाटा, पण माझं नाव कुठं टाकू नका, वकिलाला जाहिरात चालत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे." त्यामुळं ऑफिस कोल्हापुरात शाहूपुरीत आहे आणि जिना लाकडी आहे, एवढ्यावरच भागवून घ्या. आणि पहिल्या वकिलाचं नाव मी स्वतःच लिहीत नाही, कारण भांडण वाढवायला मला वेळ नाही, उद्यमनगरात दोन लेथ आहेत माझे आणि तिसरा बंद पडलाय.

झालं असं. १३ जानेवारी २०२४, शनिवार, संक्रांत दोन दिवसावर, अक्काच्या घरी तिळगुळाचा पाक चुलीवर आणि भाच्याचा फोन लागेना. रात्री साडेअकराला दाजींना फोन आला की पोरगं पकडलंय, गाडीच्या डिकीत गांजा मिळाला, २ किलो ३०० ग्रॅम. गाडी मित्राची, मित्र पसार. आता माझा भाचा काय धुतल्या तांदळाचा नाही, डिकीत काय आहे ते त्याला माहीत नव्हतं असं तो म्हणतो आणि मी त्याच्या तोंडाकडं बघून गप बसतो. पण ते खरं खोटं कोर्ट ठरवेल, हा रिव्ह्यू वकिलाचा आहे, भाच्याचा नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार, सुट्टीच्या ड्युटीवरच्या मॅजिस्ट्रेट साहेबांसमोर उभं केलं, १८ तारखेपर्यंत पीसीआर, मग २० पर्यंत आणखी पीसीआर, आणि २० तारखेला चौदा दिवसांचा एमसीआर, म्हणजे थेट ३ फेब्रुवारीपर्यंत आत. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे मॅजिस्ट्रेट कोठडी, जेलमधली. ही अक्षरं मला तेव्हाच कळली, आणि आता एवढी पाठ झाल्यात की कारखान्यात कोण दोन दिवस आला नाही तर पोरं म्हणतात एमसीआर झालाय वाटतं.

पहिला वकील दाजींच्या ओळखीतला. चाळीस हजार पहिल्याच दिवशी रोख घेतले, पावती नाही, वकीलपत्रावर सह्या घेतल्या आणि गायब. तिन्ही रिमांडला, म्हणजे कोठडी द्यायच्या तारखांना, ज्युनिअर आला, तो पोरगा इतका नवा की कोट अजून घडीचा, साहेबांनी विचारलं काही म्हणणं आहे का, तर म्हणाला नाही. अक्का दारात उभी राहून ऐकत होती, "नाही म्हणायला चाळीस हजार दिले व्हय रं?" असं तिनं मला तिथंच विचारलं आणि पट्टेवाल्यानं तिला गप केलं. मी वकिलाला फोन करून विचारलं की पुढं काय, तर उत्तर ठरलेलं, "एनडीपीएस आहे, १८० दिवस हलायचं नाही, गप बसा." हे वाक्य मी तीन वेळा ऐकलं आणि तिन्ही वेळा खरं मानलं, कारण आपल्याला काय कळतंय. एक स्टार. तो पण ज्युनिअरच्या कोटासाठी.

म्याडमकडं गेलो तो २९ जानेवारीला, सोमवारी संध्याकाळी. एका कस्टमरनं नाव सुचवलं, त्याच्या भावाची जमिनीची केस त्यांनी चालवलेली. जिना चढून गेलो तर वर बाकावर आठ माणसं, पंखा एक, त्यो पण फिरतोय का थांबलाय कळंना. पाऊण तास बसलो. आत गेलो तर म्याडमनी सहानुभूती वगैरे काय दाखवली नाही, पाणी पण नंतर आलं, पहिला प्रश्न, "क्वांटिटी किती?" मी म्हणलं दोन किलो तीनशे. दुसरा प्रश्न, "पहिला रिमांड कुठल्या तारखेला?" मी म्हणलं १४. मग त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय खिळ्यासकट जवळजवळ ओढून काढलं, टेबलावर ठेवलं आणि लाल पेनानं १४ पासून एक एक तारखेवर टिकली मारायला लागल्या. बोट ठेवून, तोंडानं मोजत, शाळेतल्या पोरासारखं. पंधरावी टिकली २८ जानेवारीवर पडली. तिथं गोल केला आणि चष्मा वर करून म्हणाल्या, "आज २९. मॅजिस्ट्रेटची पावर काल संपली."

मला काय कळलं नाही. मी म्हणलं, म्याडम, साहेबांनी तर ३ फेब्रुवारीपर्यंत दिलाय. त्या म्हणाल्या तेच तर.

आता त्यांनी सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. ड्रग्जचा कायदा १९८५ चा, एनडीपीएस. त्यात ज्या गुन्ह्याला तीन वर्षांपेक्षा जास्त शिक्षा आहे ती केस साध्या मॅजिस्ट्रेटकडं चालतच नाही, स्पेशल कोर्टात चालते, म्हणजे आपल्याकडं सेशन कोर्टात. पण पोलिसांनी धरलं की चोवीस तासात जवळच्या मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायला लागतं, म्हणून मॅजिस्ट्रेटला थोडी मुदत दिलेली आहे, कलम ३६-अ मध्ये, ज्युडिशियल मॅजिस्ट्रेट, म्हणजे कोर्टातला, असेल तर सगळे मिळून पंधरा दिवस आणि एक्झिक्युटिव्ह, म्हणजे तहसीलदार वगैरे, असेल तर सात. सगळे मिळून हा शब्द महत्त्वाचा. पोलीस कोठडीचे चार आणि दोन, झाले सहा, राहिले नऊ. साहेबांनी दिले चौदा. साध्या चोरी-मारामारीच्या केसमध्ये मॅजिस्ट्रेट चौदा चौदा दिवसांचे एमसीआर देतच राहतात आणि ते बरोबर पण असतं, कारण तिथं पंधराची मर्यादा पोलीस कोठडीला आहे, जेलला नाही. इथं दोन्हीला मिळून. त्यामुळं साहेबांचा काही वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही, दिवसाला ढीगभर रिमांड असतात, छापील फॉर्म असतो, हात सवयीनं चालतो. पण चाळीस हजार घेतलेल्या माणसाचा हात कुठं होता?

आणि इथंच मला म्याडम पटल्या, कारण मी खुश होऊन म्हणलं की मग पोरगं उद्या सुटलं म्हणा की, तर सरळ म्हणाल्या, "नाही. बहुतेक नाही सुटणार." मी म्हणलं मग कशाला अर्ज करायचा? तर म्हणाल्या की मागचे दोन दिवस चुकीचे असले तरी आज स्पेशल कोर्टासमोर आणून त्यांनी रीतसर रिमांड दिला की आजची कोठडी कायदेशीर होते, कोर्ट शक्यतो आजचं बघतं. पण अर्ज करायचा, कारण एक, कागदं योग्य कोर्टात जातील, आणि दोन, रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, पहिल्या रिमांडची तारीख लिहून येईल, ती मला पुढं लागणार आहे. कशाला लागणार ते तेव्हा नाही सांगितलं. असा वकील मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला की जो पैसे घ्यायच्या आधी सांगतो की यात हरणार आहोत.

आणि झालं अगदी तसंच. ३० ला अर्ज, ३१ ला भाच्याला स्पेशल कोर्टात आणलं. म्याडम दहा मिनिटं बोलल्या असतील, आवाज न चढवता, मॅजिस्ट्रेटला २८ नंतर अधिकारच नव्हता, केस स्पेशल कोर्टाकडं पाठवायला पाहिजे होती, असं. सरकारी वकील म्हणाले तांत्रिक चूक आहे. कोर्टानं म्याडमचं म्हणणं मान्य केलं की २८ नंतर मॅजिस्ट्रेटचा आदेश टिकत नाही, पण आता आरोपी आमच्यासमोर आहे आणि आम्हाला अधिकार आहे म्हणून सुटका नाही, आणि स्वतःचा रिमांड दिला. अक्का बाहेर रडली. दाजी मला म्हणाले, "पावणं, ह्या पण तसल्याच निघाल्या की." मी पण त्या दिवशी म्याडमला मनातल्या मनात दोनच स्टार दिले होते, खोटं कशाला बोलू.

मधल्या काळात सल्ले देणारे गावभर निघाले. एकजण म्हणाला कलम ५० पाळलं नाही, झडती घेताना राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घेऊ का असं विचारलं नाही, केस उडाली समजा. म्याडम म्हणाल्या ते अंगझडतीला लागतं, गाडीची डिकी म्हणजे अंग नव्हे, उगं त्यावर पैसे घालवू नका. दुसरा म्हणाला आता कलेक्टर एमपीडीए लावणार, वर्षभर आत. तर तो कायदा वेगळा, १९८१ चा, त्यात कलेक्टर म्हणजे जिल्हा दंडाधिकारी, ते पण मॅजिस्ट्रेटच की, पुढं गुन्हा करू नये म्हणून बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करू शकतात, ड्रग्जवाल्यांना पण लागतो. पण आमच्या पोराच्या नावावर आधीचं काहीच नव्हतं. हे दोन मॅजिस्ट्रेट, कोर्टातला आणि कलेक्टर, लोक एकच समजतात आणि घाबरून जातात, आमच्या अक्कानं तर त्या नावानं गुरुवार धरला होता.

साधा जामीन अर्ज पण टाकला होता फेब्रुवारीत. गांजाचं गणित असं की एक किलोच्या आत लहान क्वांटिटी, वीस किलोच्या वर कमर्शियल, आणि मधली ती मधली. ते फेमस ३७ कलम, ज्यात आरोपी निर्दोष वाटतोय असं कोर्टाला वाटल्याशिवाय जामीन नाही, ते कमर्शियलला लागतं. आमचं मधलं. तरी अर्ज फेटाळला, सरकारी वकिलांचा से, म्हणजे लेखी म्हणणं, आला की माल कुठून आणला याचा तपास चालू आहे, मित्र अजून मिळालेला नाही. बरोबरच आहे, मी जज असतो तर मी पण नसता दिला.

आता असली मुद्दा. पहिला वकील १८० दिवस १८० दिवस करत होता ना, ते १८० पण कमर्शियल क्वांटिटीलाच आहेत, आणि अजून दोन-तीन मोठ्या कलमांना, म्हणजे धंद्याला पैसा पुरवणं वगैरे. तिथं सरकारी वकिलांनी कारणासकट रिपोर्ट दिला तर स्पेशल कोर्ट वर्षापर्यंत पण वाढवू शकतं. बाकीच्यांना साधाच नियम. आणि साधा नियम काय, तर ज्या गुन्ह्याला फाशी, जन्मठेप किंवा कमीत कमी दहा वर्षं शिक्षा आहे तिथं ९० दिवस, नाहीतर ६०. मधल्या क्वांटिटीला शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. पर्यंत! कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त दहा यात जमीन अस्मानाचा फरक, आणि हे सुप्रीम कोर्टानं २०१७ साली राकेश कुमार पॉलच्या केसमध्ये सांगून ठेवलंय. म्हणजे ६० दिवसात चार्जशीट आली नाही तर जामीन मागायचा हक्क, आरोप कितीही गंभीर असू दे. आमच्या धंद्यात ड्रॉइंगवर मिनिमम लिहिलंय का मॅक्झिमम लिहिलंय हे न बघता टूल लावलं तर अख्खी बॅच भंगारात जाते, आणि हा माणूस काळा कोट घालून तेच करत होता.

पण त्यात मेख अशी की हक्क आपोआप मिळत नाही. मागायला लागतो, आणि चार्जशीट यायच्या आधी मागायला लागतो. पोलिसांनी आधी चार्जशीट टाकली आणि तुम्ही नंतर अर्ज घेऊन पळत गेलात तर हक्क संपला. तुम्ही आधी टाकला आणि चार्जशीट तासाभरानं आली तर मात्र हक्क टिकतो, हे पण सुप्रीम कोर्टाचं, २००१ चं, आणि केस आपल्या महाराष्ट्रातलीच. म्हणजे सगळा खेळ घड्याळाचा.

म्याडमनी परत ते कालनिर्णय काढलं. १४ जानेवारी ते ३१, अठरा दिवस. फेब्रुवारी, आणि इथं मला म्हणाल्या, "मामा, यंदा फेब्रुवारी कितीचा?" मी म्हणलं अठ्ठावीस. त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडं. लीप वर्ष होतं, एकोणतीस. झाले सत्तेचाळीस. साठावा दिवस १३ मार्च, बुधवार. १४ ला, गुरुवारी, एकसष्टावा. पण हे कधी, तर रिमांडचा पहिला दिवस धरला तर. तो सोडून मोजला तर साठावा दिवसच १४ मार्च होतो. बरीच वर्षं कोर्टात दोन्ही बाजूनं निकाल होते, मग २७ मार्च २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या तीन जजांनी वाधवानच्या केसमध्ये एकदाचं सांगितलं की रिमांडचा दिवस धरायचा. आमच्या केसच्या साडेनऊ महिने आधी! म्याडमनी त्या निकालाच्या तीन झेरॉक्स काढून फाईलला लावून ठेवल्या होत्या, फेब्रुवारीतच.

१४ मार्चला सकाळी मी, दाजी आणि म्याडमचा क्लार्क सव्वादहालाच कोर्टात. अर्ज दाखल, शिक्का, त्यावर वेळ लिहून घेतली, १० वाजून ५० मिनिटं. म्याडमनी त्या वेळेच्या आकड्याचा मोबाईलवर फोटो काढला, मग परत एकदा काढला. आधी क्लार्ककडून चार्जशीट आली नाही हे विचारून घेतलं होतं. दुपारी चारच्या सुमाराला बघतो तर एक हवालदार काखेत हे एवढं दप्तर घेऊन निवांत येतोय. चार्जशीट. त्यांच्या हिशेबानं ते वेळेत होते, साठाव्या दिवशी. म्याडम बाकावर बसून डब्यातली चटणी-भाकरी खात होत्या, त्याच्याकडं बघून म्हणाल्या, "या, पाणी घ्या."

दुसऱ्या दिवशी युक्तिवाद झाला. सरकारी वकिलांनी आधी ९० दिवसांचं काढलं, मग म्हणाले पहिला दिवस धरायचा नाही, मग पहिला रिमांड नेमका कोणता, स्पेशल कोर्टानं तर ३१ जानेवारीला दिलाय, तिथून मोजा, असं पण म्हणून बघितलं. तेव्हा म्याडमनी फाईलमधून ३१ जानेवारीच्या रोजनाम्याची नक्कल काढली, ज्यात कोर्टानं स्वतःच लिहिलं होतं की आरोपी १४ जानेवारीपासून कोठडीत आहे. मॅजिस्ट्रेटसमोर पहिल्यांदा उभं केलं तोच पहिला दिवस. मला तेव्हा उमगलं की जो अर्ज आपण हरलो म्हणून अक्का रडली त्याचा कागद दीड महिना ह्या बाईनं कशासाठी जपला होता, आणि मी मागं बसून स्वतःलाच दोन शिव्या घातल्या. सोमवारी, १८ तारखेला, आदेश. जामीन मंजूर, पन्नास हजार, एक जामीनदार, दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरी.

पुढचे तीन दिवस जामीनदाराचे. चुलत्याचा सात-बारा, सॉल्व्हन्सी म्हणजे ऐपतीचा दाखला, आधारच्या झेरॉक्स, त्यात चुलत्याच्या सात-बाऱ्यावर आडनावाची वेलांटी चुकलेली. ही दगदग कुणी आधी सांगत नाही, जामीन मंजूर झाला म्हणजे पोरगं घरी आलं असं नसतंय. २१ तारखेला संध्याकाळी आलं, होळीच्या आधी. अक्कानं पुरणपोळी तीन दिवस आधीच केली.

आता तक्रारी, कारण रिव्ह्यू म्हणजे नुसती आरती नव्हे. फी ७० हजार, तीन हप्त्यात, पावती मिळाली, ते ठीक. पण नक्कल आणि झेरॉक्सचे पैसे वेगळे, आणि ते क्लार्क मागतो, दर वेळी सुट्टे नाहीत म्हणून वरचे ठेवून घेतो. फोन संध्याकाळी सातनंतरच उचलतात, दिवसा मेलात तरी नाही. मेसेजला उत्तर "ओके" एवढंच. समजावून सांगताना भराभर सांगतात, परत विचारलं की वैतागतात. आणि तो जिना. माझ्या आईला वर न्यायचं होतं एकदा सहीला, दोघांनी धरून न्यावं लागलं. म्हणून चार.

केस अजून चालू आहे. माल तोलताना देठ-पाला सगळा धरला का नुसते शेंडे, नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढले का, असलं सगळं पुढं साक्षीत निघणार आहे म्हणे. मध्ये कायदा बदलला, १ जुलै २०२४ पासून कोठडीच्या जुन्या १६७ कलमाच्या जागी नव्या कायद्यातलं १८७ कलम आलं, आणि पोलीस कोठडीचे पंधरा दिवस आता तुकड्या-तुकड्यानं पण घेता येतात, त्यामुळं मोजणी अजून किचकट झाली असणार. आणि तेव्हा हायकोर्टात जायची वेळ आली असती तर महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्रभर जाऊन मुंबईला उभं राहायला लागलं असतं, आता १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच इथंच कोल्हापुरात, सीपीआर दवाखान्यासमोर जुन्या कोर्टाच्या इमारतीत. म्याडम पण आता तिकडं जास्त असतात, त्यामुळं बाकावरची आठ माणसं बारा झाल्यात.

भाचा माझ्याकडंच लेथवर आहे. कुणाला खरंच नड असेल तर उद्यमनगरात येऊन भेटा, मी जिन्यापर्यंत आणून सोडतो. येताना एफआयआरची आणि सगळ्या रिमांडच्या कागदांची झेरॉक्स घेऊन या, खाली दुकान आहे पण तिथं पानाला तीन रुपये घेतात. आणि जिन्याला उजव्या बाजूला दोरी बांधलीय, ती धरूनच चढा, चौथी पायरी हलते.